उद्घाटन होईपर्यंत बसू नये

द्वारके, तुझा रडका फोटो लावला गं त्यांनी.

माणूस गेलं की त्याचा हसरा फोटो लावतात. आयुष्यात कधी न हसलेल्या माणसाचाही लोक कुठल्यातरी लग्नाच्या अल्बममधून एखादा बरा फोटो हुडकून काढतात. तुझ्या लेकाने, सुरेशने, दिला होता की चांगला. नातीच्या हळदीतला. गालाला हळद, तोंडात विडा, आणि कॅमेऱ्याच्या बाहेरच्या कुणाला तरी शिव्या घालतेयस. पण संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "छान आहे हो, पण यात इमोशन येत नाहीये." मग त्यांनी त्यांच्या व्हिडिओत तुला थांबवलं, गालावर थेंब अडकलेला असतानाच, मोठं केलं, सोनेरी चौकटीत बसवलं आणि खाली लिहिलं, 'एकाकी आजी'. वर हार.

मला शिसारी आली. दुःख नंतर आलं, खरं सांगते. तू गेल्याची बातमी आली तेव्हाही मी नीट रडले नव्हते, आणि परवा तो फोटो बघून रडायला येणार इतक्यात शिसारी पुढे झाली. अजून ती उठायला तयार नाही. म्हणून तुझ्याशीच बोलते. दुसऱ्या कुणाशी बोलले की मला म्हणतात, "आजी, ती माणसं चांगलं काम करताहेत."

करताहेत. हीच तर पंचाईत आहे. त्यांनी ते काम केलं नसतं, तर तू मला भेटलीच नसतीस.

आठवतं ना? तेव्हाची मी म्हणजे पासष्टीची, अगदीच पोर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. घाटकोपरच्या एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून इतकी वर्षं काढली, की मला वाटायचं, अख्खी मुंबई माझ्या वायरीवर लटकली आहे. मी मध्ये नसते तर लोकांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं असतं. निवृत्त झाले तरी डोक्यातली ही हवा गेली नाही. एकाकी वृद्धांशी फोनवर गप्पा मारणारी संस्था आहे म्हटल्यावर मी बोरिवलीहून धावतच गेले. जणू माझ्यावाचून सगळ्या म्हाताऱ्या मुक्या बसल्या होत्या.

आम्हाला प्रशिक्षण दिलं होतं, तुला मी कधी सांगितलं नाही. ऐकायचं कसं, ते शिकवलं. मान जराशी कलती करायची आणि अधूनमधून 'हं' म्हणायचं. फोनवर कलती मान कुणाला दिसते, हे विचारायची अक्कल मला नव्हती. मी घरी आरशासमोर उभी राहून 'हं'चा सराव करायची. वरचा 'हं', खालचा 'हं', काळजीचा 'हं'. सुनेला वाटलं, माझ्या पोटात कळा येताहेत. तिने ओवा आणून दिला.

आणि मग पहिला फोन तुला.

"नमस्कार आजी! मी तुमची मैत्रीण बोलतेय."

"खयची मैत्रीण? नाव काय तुझा?"

नाव सांगायचं नाही, असा संस्थेचा नियम. माणसं गळ्यात पडतात म्हणे. मी आपली गोड आवाजात पुढे गेले, "आजी, आज तुम्हाला कसं वाटतंय? एक ते दहामध्ये सांगाल का?"

"माका आजी कित्याक म्हणतंस गो? तुझो आवाज माझ्यापेक्षा म्हातारो."

"एक ते दहा, आजी."

"मी काय परीक्षेक बसलंय? घाल सात. शेजारणीक किती दिलंस?"

मी फोन ठेवला. पाच मिनिटांनी तुझा उलटा फोन. "गो नाव नसलेले, मगाशी तुझो कुकर शिट्टे मारी होतो. डाळ करपली काय बघ जा."

करपली होती. इतकी वर्षं लोकांच्या लाइनीवर कान ठेवणारी मी, आणि माझ्या घरातली शिट्टी दहिसरहून तू ऐकलीस. त्या दिवशी मी तुला नाव सांगितलं. विमल. तू म्हणालीस, "घाटावरची दिसतंस." तेव्हापासून मी तुझी घाटावरची.

पहिल्यांदा घरी आले तेव्हा गळ्यात संस्थेचा बिल्ला, अंगावर इस्त्रीची कॉटनची साडी, चेहऱ्यावर सेवाभाव. आज त्या बाईला रस्त्यात बघितलं तर मी फुटपाथ बदलीन. तू घावणे घालत होतीस. ताट पुढे केलंस. मी हात जोडून म्हणाले, "नको, आम्हाला लाभार्थींच्या घरी काही खायची परवानगी नाही." लाभार्थी! मी हा शब्द तुझ्या तोंडावर वापरला, तव्यावर घावणा असताना.

तू गॅस बंद केलास. "माझ्याकडे खावचंस नाय नि मैत्रीण म्हणान सांगतंस? चल, ऊठ."

आणि खरोखर मला दाराबाहेर काढलंस. मी बिल्ला लावून पॅसेजमध्ये उभी. समोरच्या दारातून एक बाई डोकावून गेली. मग मी बिल्ला पर्समध्ये टाकला, परत आत आले आणि पोटभर घावणे खाल्ले. नारळाच्या रसात बुडवून. संस्थेने मला अनेक गोष्टी दिल्या असं परवा भाषणात म्हटलं गेलं; मला संस्थेकडून मिळाले ते हे घावणे, आणि तेही नियम मोडून.

तुझं नाव त्यांच्या यादीत गेलं कसं, हे तू मला कितीदा हसत सांगितलंस. टी-शर्टवाली मुलं टॉवरमध्ये दारोदार फिरत होती. "आजी, घरी कोण कोण असतं?" तू पिठाच्या हाताने दार उघडलेलं. मागे वळून बघितलंस आणि म्हणालीस, "आता मी एकटीच आसंय." सुरेश रविवारी येतो, नात दर सुट्टीत येऊन राहते, हे कुणी विचारलं नाही. तू 'आता' म्हणालीस. त्यांनी 'एकटी' ऐकलं.

पण ते पुरतं चुकलेही नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

कारण आधीची तुझी चाळ मी बघितली नव्हती. नदीकडची. तिथे तुझी जागा जिन्याच्या पायरीवर होती. वरून उतरणारा, खालून चढणारा, नळावर जाणारा, कामावरून येणारा, प्रत्येकजण तुझ्या सुपावरून पाय उचलून जायचा. तू तांदूळ निवडता निवडता प्रत्येकाच्या चपलेवरून ओळखायचीस, आज घरात भांडण आहे की पगार. मग पुनर्विकास आला. पुढे विकायचा उंच टॉवर, त्याला कारंजं. मागे चाळीतल्या लोकांचा बारका टॉवर, त्याला कचऱ्याचा डबा. तुला अकरावा मजला. संडास घरात, पाणी नळाला, सगळं झकास. फक्त पायरी नाही. माणसं लिफ्टमधून वर जातात, दार लावतात आणि संपली.

तू खाली येऊन बसायला लागलीस. जागा नव्हती, म्हणून पांडेजींच्या खुर्चीवर. वॉचमन उभा आणि तू त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत सूप घेऊन. त्यालाही बरं वाटायचं. त्याच्या आईबद्दल ऐकणारं कोणीतरी मिळालं. मग सेक्रेटरी सावंतांनी कॅमेऱ्यात बघितलं. "वॉचमन उभा आणि म्हातारी बसलेली, हे काय चाललंय? ही लॉबी आहे, चाळ नाही." दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली. तेव्हापासून पांडेजीही उभे आणि तूही उभी.

आणि तेव्हा तू संस्थेकडे, इतक्या सगळ्या एकटेपणा घालवणाऱ्या माणसांकडे, एकच गोष्ट मागितलीस. लिफ्टजवळ एक बाकडा.

द्वारके, तुझी मागणी ऐकून मॅडमचा चेहरा कसा झाला होता! तू हॉटेलात जाऊन नुसतं पाणी मागितल्यासारखा. "हो हो, आजी, बघू ना. पण त्याआधी आपण तुमचा वाढदिवस करू या."

मग फुगे आले. तुझी जन्मतारीख तुलाच माहीत नव्हती, त्यांनी शोधून काढली. गुलाबी फुगे, निळे फुगे, त्या रबराचा वास खोलीत कोंडलेला. आणि केकवरची ती मऊ चरबी तुझ्या गालाला फासली. तू, जी माशाच्या हाताने कुणाच्या साडीला शिवत नव्हतीस! त्या दिवसापासून आपण त्यांना 'फुगेवाले' म्हणायला लागलो. मग मिठीचा दिवस झाला. एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसं ओळीने आली आणि प्रत्येकाने तुला कवळलं, फोटोवाला "अजून एकदा" म्हणाला की अजून एकदा. मी कोपऱ्यात उभी. बाहेर पडताना त्यांच्यातली एक बाई पर्समधून बाटली काढून हाताला चोळत होती. मिठी मारून झाल्यावर. मला वाटलं, तू बघितलं नाहीस.

बघितलं होतंस. म्हणालीस, "चोळूंदे. सुकटीचो वास तेवढ्यान जाता काय?" मग हळूच, "तेंची पाठ बघितलंस काय गो?"

मी नव्हती बघितली. तू प्रत्येकाच्या खांद्यावरून बघितली होतीस. सगळ्यांच्या टी-शर्टच्या पाठीवर देणगीदाराचं नाव होतं. ज्या शेठने तुझी चाळ पाडली, त्याचं.

मी त्याच दिवशी म्हटलं, काढ नाव यांच्या यादीतून. मीही सोडते. तू सूप आपटून तांदूळ एका बाजूला केलेस आणि म्हणालीस, "बाकडा येवंदे." इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही. तू गेलीस म्हणून मी ते सोडून देईन असं समजू नकोस.

व्हिडिओच्या दिवशी तर मी तुझ्यावर इतकी चिडले होते! मॅडम गुडघ्यावर बसून म्हणत होत्या, "आजी, जुने दिवस आठवा. डोळ्यांत पाणी आलं तर थांबवू नका हं."

"नाय इला तर? कांदो हाडू?"

सगळे हसले. दिवा लागला आणि तू बोललीस, "जेवान झाला की दार लावतंय. मगे घरात माझोच आवाज माका परत येता. म्हणान मी भांडी जोरान घासतंय." आणि गालावरून थेंब आला. मॅडमच्याही आला. दिवा बंद झाल्यावर तू मला डोळा मारलास. "बाकडा येतला बघ आता."

मी तुला पॅसेजमध्ये गाठलं. "लाज नाही वाटत? भीक मागितल्यासारखी रडलीस."

"तू टेलिफोनात 'नमस्कार' म्हणी होतंस, ता काय काळजातसून?"

"तो पगार होता. नोकरी होती."

"तुका पगार, माका बाकडा. नाव कायव दी. बसूक गावला की झाला."

मी तावातावाने निघून आले. किती दिवस बोलले नाही. मग तुझाच फोन. "गो घाटावरची, कोणी इचारीत नाय एक ते दहा. तू इचार." मी विचारलं. तू म्हणालीस, "तीन." मी म्हटलं, "नाटकं बंद कर." आणि दोघी हसलो.

द्वारके, त्या हसण्यात मी एक गोष्ट विचारायची राहिले. फोनवर बोलताना तुझ्याकडे भांडी आदळायची. ताटं, पातेली, पळ्या. इतकी की मला हेडफोनच्या सवयीने फोन कानापासून लांब धरावा लागायचा. मी समजले, हिला कमी ऐकू येतं. एकदा तर मी तुला कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला. व्हिडिओत तू काय बोललीस ते ऐकूनही मी दोन आणि दोन जोडले नाहीत. मला तो कांद्याचाच प्रकार वाटला. त्यात कांदा किती होता आणि द्वारका किती होती, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आता तो रडका फोटो सोनेरी चौकटीतून माझ्याकडे बघतो, आणि मला शिसारी नक्की कुणाची येते तेच कळत नाही.

मग बाक आला. चांगला दणकट, लोखंडी पाय, सागाच्या फळ्या. मागे पितळी पाटी, शेठच्या नावाची. सगळा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, पट्ट्या मारलेला, लाल रिबन बांधलेला, आणि वर पुठ्ठा: 'उद्घाटन होईपर्यंत बसू नये.'

उद्घाटन शेठच्या हस्ते. आधी शेठ परदेशात. ते आले तर निवडणुकीची आचारसंहिता. ती उठली तर पितृपक्ष. पितृपक्ष संपला तर मॅडम अमेरिकेला मुलीच्या बाळंतपणाला. आणि चाळीतल्या तुम्ही सगळ्या बायका रोज संध्याकाळी लॉबीत यायच्या आणि त्या बाकाभोवती उभ्या राहायच्या. कुणी भिंतीला टेकून, कुणी गुडघ्यावर हात ठेवून. मध्ये बाक, भोवती उभ्या म्हाताऱ्या. मी आयुष्यात पुष्कळ ओंगळ गोष्टी बघितल्या, पण याच्याइतकी स्वच्छ आणि ओंगळ गोष्ट बघितली नाही.

मी एक दिवस साडीची पिन काढली. "फाडते मी."

तू मनगट धरलंस. पांडेजी धावत आले. "माताजी, हाथ मत लगाइए. टेप भी टूटा तो हमारा पगार कटेगा."

"तू फाडतलंस आणि बोरिवलीक जातलंस," तू मला म्हणालीस. "पांडेक हयच रवाचा आसा."

मी पिन परत साडीला टोचली. मग तू काय केलंस! पदर खोचलास, त्या प्लास्टिकपुढे देवापुढे उभं राहावं तशी हात जोडून उभी राहिलीस आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केलीस. मला ते माहीत नव्हतं; नंतर तूच सांगितलंस, की तुमच्याकडे देवापुढे एकजण गाऱ्हाणं घालतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा असतो, एकट्याने ते घालताच येत नाही. गावात ते पुरुषांचं काम. दहिसरच्या लॉबीत तुला कोण अडवणार होतं?

"बा देवा म्हाराजा! आज आमच्या बिल्डिंगीत एक बाकडा इला हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका ओरडल्या.

"तेका शेठचो हात लागूक व्हयो, कातरेचो हात लागूक व्हयो, आमचा ढुंगण तेवढा लागता नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ज्या कोणी ह्या प्लास्टिक गुंडाळल्यान आसात, तेच्या घरच्या कमोडाकव असाच प्लास्टिक गुंडाळ, रिबन बांध, आणि उद्घाटनाची तारीख पुढे पुढे ढकलत रव रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात पांडेजींचाही आवाज होता. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. सावंत पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून बघत होते आणि हसू दाबायला त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता, हे मी बघितलं. इतकं हसून तुला धाप लागली. बसायला हवं होतं तुला. बसायला जागा नव्हती. मी तुला लिफ्टने वर नेलं.

मग तू गेलीस. दुपारी, जेवून, भांडी घासून. मी त्या भांड्यांबद्दल आता जास्त बोलत नाही.

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी शेठ मोकळे झाले. मॅडमही आल्या होत्या. माणूस मेलं की तारखा लगेच मिळतात बघ. शोकसभा आणि उद्घाटन एकत्रच ठेवलं. सुरेश बिचारा हात जोडून उभा, "माझ्या आयचा एवढा करतत" म्हणून भारावलेला. प्लास्टिक काढलं होतं. रिबन होती. आणि बाकावर, द्वारके, बरोब्बर मधोमध, तुझा तो रडका फोटो, हार, समई, तांदळाची रांगोळी. म्हणजे आताही कुणी बसायचं नाही. शेठसाठी वरून गुबगुबीत खुर्ची आणली होती. तुझ्या बायका मागे, भिंतीला टेकून.

मॅडमनी माझ्या हातात एक कार्ड दिलं. मी तुझी फोनवरची मैत्रीण म्हणून वाचायचं. 'ती एकाकी होती. तिला कुणी नव्हतं. संस्थेने आणि शेठजींनी तिच्या जीवनात प्रकाश आणला.' समोर सुरेश. त्याला 'कुणी नव्हतं'मध्ये धरायचं का?

"हे मी वाचणार नाही," मी म्हटलं.

मॅडम जवळ आल्या. वाईट बाई नाही गं ती. हेच तर मला सहन होत नाही. डोळे खरोखर सुजलेले होते. कानात म्हणाल्या, "आजी, प्लीज. शेठजी आज खूश झाले तर अजून दहा बिल्डिंगींत बाक देतायत. त्यांनी शब्द दिलाय."

दहा बिल्डिंगी. प्रत्येक बिल्डिंगीत भिंतीला टेकलेल्या अशाच बायका. नाव कायव दी, बसूक गावला की झाला. तू मेलीस तरी भांडायला हजर, आणि तेही मी माइकपुढे असताना! मी शपथेवर सांगते, तुला तिथल्या तिथे मारावंसं वाटलं.

माइक हातात घेतला. म्हटलं, "वाचते. पण गुडघे दुखतात, उभ्याने जमायचं नाही. सुरेश, आईला उचल रे."

त्याला वाटलं, समईची वात सरळ करायची असेल. आला, तुला चौकटीसकट दोन्ही हातांनी उचललं, आणि मी रिबनखालून वाकून आत शिरले. म्हातारी बाई रिबनखालून जाते तेव्हा कशी दिसते याची मला कल्पना आहे; मागे कुणीतरी खुदकन हसलं. शेठ कात्री घेऊन उभे. मी समई खाली ठेवली आणि रांगोळीवर बसले. बस्स. बसले.

आणि मग सगळं वाचलं. शब्दन् शब्द. एक्स्चेंजमधल्या आवाजात, मधात घोळून. एकाकी, प्रकाश, शेठजी. प्रत्येक शब्दागणिक तोंडात साबण गेल्यासारखं होत होतं, पण आवाज हलला नाही. इतक्या वर्षांचा सराव. कार्ड संपल्यावर त्याच आवाजात पुढे म्हटलं, "शेठजींचे विशेष आभार मानायला हवेत. द्वारकाबाई चाळीत ज्या पायरीवर बसायच्या ती पायरी त्यांनीच पाडली, आणि आज हा बाकही त्यांनीच दिला. दोन्हीसाठी जोरदार टाळ्या."

टाळ्या झाल्या. माणसं आवाजाला टाळ्या देतात, शब्दांना नाही, हे मला खात्यातच कळलं होतं. शेठनीही दोन वाजवल्या. तिसरी वाजवताना हात हवेत राहिला. मॅडमनी खाली बघितलं. तेवढ्यात मी तुझ्या बायकांना म्हटलं, "या गं, उभ्या काय राहिल्यात?" एक आली, दुसरी आली, तिसरी अर्धी टेकली. कात्री चालली तेव्हा बाक भरलेला होता. फोटोत आम्ही सगळ्या आहोत, पाटी आमच्या पाठींमागे गेली आहे. दहा बिल्डिंगींचं काय होतं ते बघू. माझा शेठवर विश्वास नाही. तुझा होता असंही नाही. तुझा फक्त बाकावर होता.

पण ऐक, मी हरले असं समजू नकोस. तू रडलीस, मी वाचलं, ठीक आहे. तरी मी म्हणते, मागायला लागू नये अशी ती गोष्ट होती. पायरी होती तेव्हा कुणाला फुगे फुगवावे लागत नव्हते. यावर तुझं उत्तर मला माहीत आहे आणि ते मला पटत नाही.

काल संध्याकाळी परत गेले. का गेले, विचारू नकोस. रिक्षावाल्याला सवयीने दहिसर सांगितलं, आणि पुढे येईपर्यंत लक्षातच आलं नाही की भेटायला कोणी नाही. पांडेजींनी नमस्कार केला. बाकावर तुझ्या बायका होत्या, एक जण सरकली, मी बसले.  विषय काढायचीस ती तू. आम्ही नुसत्या लिफ्टच्या दाराकडे बघत होतो, ते उघडायचं, मिटायचं. मला वाटलं, आता कुणीतरी डोळे पुसणार आणि "द्वारकाबाई असत्या तर" सुरू होणार, आणि मला परत शिसारी येणार.

तर तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "तुमच्याकडे बोरिवलीक पाणी कधी येता ओ?"

मी सांगितलं. त्यावर दुसरी म्हणाली की त्यांच्याकडे प्रेशर नाही. त्यावरून टाकी, टाकीवरून सावंत, सावंतांवरून त्यांच्या मुलीचं ठरलंय ते स्थळ, स्थळावरून बोंबिलाचा भाव. कसा ते विचारू नकोस, पण गेलो आम्ही तिथपर्यंत. लिफ्टमधून उतरणारे आमच्या पायांवरून पाय उचलून जात होते. तुझं नाव कुणी एकदाही काढलं नाही.

अंधारून आलं तशी मी पिशवी उचलली. म्हटलं, निघते, घरी वाट बघत असतील. मुलगा, सून, नातू, सगळी मोठमोठ्या कामाची माणसं, सगळ्यांकडे किल्ल्या आहेत.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने माझा पदर धरून खाली ओढलं. "बसा ओ. कोण खोळांबलाहा तुमच्यासाठी?"

मी बसले.